ठाण्याला नेणं

माझ्या लहानपणी आमच्या चिंचणीत ‘ठाण्याला गेलाय’ याचे दोन अर्थ होते. काखेत कागदांची पिशवी असली तर माणूस कलेक्टर कचेरीत नाहीतर कोर्टात. पिशवी नसली आणि दोन्ही दंडांना दोन भावांनी धरलेलं असलं, तर पुढचं कुणी विचारत नसे. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. त्याआधी तारापूरपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत सगळ्यांचं जिल्ह्याचं गाव ठाणं, त्यामुळे जमिनीचे तंटे आणि डोक्याची दुखणी एकाच स्टेशनात उतरायची. गणिताचा कंटाळा केला की आई म्हणायची, “ठाण्याला धाडीन हं.” ती कुठल्या ठाण्याबद्दल बोलतेय, हे मला सातवीत कळलं.

ते ठाणं म्हणजे 1901 सालचं वेड्यांचं इस्पितळ. मुंबईचे शेटजी नरोत्तमदास माधवदास यांचं नाव त्याला दिलेलं होतं. त्याआधी मुंबई इलाख्याच्या या टोकाचे वेडे कुलाब्याच्या इस्पितळात जात. कायदा आधी 1858 चा, मग 1912 चा. पोलीस, मॅजिस्ट्रेट, डॉक्टरचा दाखला, हुकूम, मग फाटक. पुढे सरकारी कागदावर ‘वेड्यांचं इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ आलं. आमच्याकडे शब्द ठाणंच राहिला. पंधरा वर्षांच्या पोरासाठी वेगळी वाट या दोन्ही कायद्यांनी आखली नव्हती.

आणि पोरांना ठेवायच्या जागा तर सरकारला चांगल्या ठाऊक होत्या. ससून सुधारगृह मुंबईत 1857 पासून होतं. मुंबईचा मुलांचा कायदा 1924 चा. पोरानं पाकीट मारलं तर त्याला जागा, आईबाप गेले तर जागा. तेच पोर जेवण सोडून रात्रभर भिंतीशी बोलत बसलं, तर मोठ्यांच्या रांगेत.

याहून वेगळा विचार मुंबईतच झाला होता. 1936 साली नागपाड्यात समाजकार्याचं टाटांचं विद्यालय निघालं, आणि दुसऱ्याच वर्षी तिथे डॉ. मसानी यांच्या हाताखाली मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. मूल घरीच राहायचं, आईबापांशीही बोलणं व्हायचं. देशातलं असं पहिलंच. पण बोईसरहून नागपाडा तेव्हा विलायतेइतकाच लांब.

आमच्या बाजूला या विचाराच्या सगळ्यात जवळ आल्या त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, आणि त्याही शिक्षणाच्या अंगानं. 1945 ला बोर्डी, 1957 पासून कोसबाडची टेकडी. पोर शाळेत येत नाही? मग शाळा पाड्यावर, अंगणात न्या. पोर गुरं राखतं? मग कुरणात न्या. कुरणशाळा हा शब्द मला अजून आवडतो. (बी.एड.च्या वर्गात तो दोन मार्कांच्या टिपेपुरता होता, हे वेगळं.) जिथे पोर आहे तिथे आपण जायचं, हे ज्या तालुक्यांना शिक्षणात पटलं, त्यांनीच आजारी पोर मात्र दंडाला धरून गाडीत बसवलं. त्यात मीही आहे.

1987 साली मी बोईसरला नववीला मराठी शिकवत होते. वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर यायचा थांबला. मी आठ दिवस हजेरीपटावर गैरहजर मांडलं, महिन्याभरानं नाव पटावरून कमी केलं आणि घरी चौकशीला गेले नाही. शेवटी बापच आला. एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, तळहाताच्या रेषांत पिवळा रंग मुरलेला. म्हणाला, “बाई, तुम्ही इंग्रजी वाचता. ठाण्याला येता काय?”

तोवर त्यांचं सगळं करून झालं होतं. मनोरच्या बाजूच्या भगतानं सुपात तांदळाचे दाणे पाहिले होते आणि बाहेरचं आहे म्हणून सांगितलं होतं. मग आई पोराला घेऊन मेहसाण्याजवळ उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात महिनाभर राहून आली. शिकलेली माणसं याला हसतात. मीही हसले असते, पण बाप सहज बोलून गेला ते डोक्यात राहिलं: “तिथे आईला कुणी जा म्हणालं नाही. पोराच्या बाजूलाच झोपायची.” दर्ग्यांची आरती ओवाळायची नाही मला, तमिळनाडूतल्या एरवाडीत 6 ऑगस्ट 2001 ला झोपडीला आग लागली तेव्हा आतली माणसं साखळदंडानं बांधलेली होती, अठ्ठावीस जण गेले. पण आईला शेजारी झोपू देणं ही साधी गोष्ट होती, आणि ती दवाखान्याला सुचायला फार वर्षं लागली.

पहाटेच्या शटलनं निघालो. दादरला पूल ओलांडून ठाण्याची गाडी. पोराच्या मनगटाला सुती दोरी, तिचं दुसरं टोक बापाच्या मनगटाला, वरून शर्टाची बाही ओढलेली. ओपीडीत वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी दोरीकडे पाहिलं आणि विचारलं, “रात्री याच्याजवळ कोण झोपतं?” बाप म्हणाला, “मी.” डॉक्टर म्हणाले, “मग याला इथे कशाला ठेवता? सगळी बापये माणसं आहेत वॉर्डात. गोळ्या देतो, दर पंधरा दिवसांनी आणा.” आणि टेबलावरची कात्री पुढे केली. दोरी बापानंच कापली. परतीच्या गाडीत पोर खिडकीशी बसलं आणि वसईच्या खाडीपर्यंत एक शब्द बोललं नाही. पुढचं दीड वर्ष बाप महिन्यातून दोन खाडे करत होता. कंत्राटी माणसाचा खाडा म्हणजे बिनपगारी.

त्याच वर्षी दिल्लीत नवा कायदा मंजूर झाला. सोळा वर्षांखालच्यांसाठी वेगळी रुग्णालयं काढता येतील, असं त्यात लिहिलं होतं. तो लागू व्हायला 1 एप्रिल 1993 उजाडला. आमच्या बाजूला तसलं रुग्णालय मी पाहिलं नाही.

सध्याचा कायदा 2017 चा, 29 मे 2018 पासून लागू. अठराच्या आतल्या मुलाला दाखल करायचं ते अपवाद म्हणून, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासल्यावर, आणि घरी राहून उपचार जमत नाहीत अशी खात्री झाल्यावर. मोठ्यांपासून वेगळी जागा. बहात्तर तासांत मानसिक आरोग्याच्या पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. तीस दिवस उलटले तर मंडळानं पुन्हा तपासायचं. आणि घरचं माणूस, किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस, दाखल असेपर्यंत पूर्ण वेळ सोबत हवंच. मुलगी असेल तर बाईमाणूस. वाचताना मला उनावा आठवला. ठाण्याचं इस्पितळ निघाल्यानंतर एकशे सोळा वर्षांनी कायदा त्या आईच्या चटईपाशी येऊन पोचला होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका बाईची सोळा वर्षांची मुलगी दाखल करावी लागली. कुठे ते लिहीत नाही. बाई औषधाच्या कंपनीत पॅकिंगला, नवरा नाही, घरी धाकटी दोन. मी तिला मोठ्या उत्साहानं कलम वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि माझ्या शिफ्टचं काय लिहिलंय त्यात?” मी पानं उलटली. रोजंदारीचं काही नव्हतं.

राहिली शेवटी सासू. डहाणूकडच्या पाड्यावरनं आलेली, वारली बोलणारी, नर्सबाईचं निम्मं तिला कळायचं नाही. एकोणीस दिवस ती नातीच्या खाटेखाली चटई टाकून झोपली. मी भेटायला गेले तेव्हा मुलगी म्हाताऱ्या आजीच्या केसांतून फणी फिरवत होती, आणि आजी बसल्या बसल्या डुलक्या घेत होती.