विद्येसाठी गाव सोडणे

धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा इतिहास हा मुख्यतः गाव सोडण्याचा इतिहास आहे. निजामाच्या अंमलात, जेव्हा १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि खासगी शाळा काढावयाची तर सरकारची इजाजत घ्यावी लागे, तेव्हा उर्दूखेरीज अन्य माध्यमातून पुढे शिकू इच्छिणाऱ्या येथील मुलाला सरहद्द ओलांडून मुंबई इलाख्यातील बार्शी अथवा सोलापूर गाठण्यावाचून सहसा गत्यंतर नसे. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये येडशी-तडवळ्यावरून लातूरला पोचली. परंतु जिल्ह्याचे मुख्य ठिकाण तिच्या मार्गावर नव्हते, ते पुढे २००७ मध्ये ब्रॉडगेजमुळे आले.

या परिस्थितीला मिळालेले सर्वांत तेजस्वी उत्तर म्हणजे १९२१ मध्ये याच जिल्ह्यातील हिप्परग्यास निघालेली राष्ट्रीय शाळा होय. १९२९ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ तेथे आले. बाबासाहेब परांजप्यांसारखे सहकारी त्यांना तेथेच लाभले, आणि ज्यांनी पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाची धुरा वाहिली अशा माणसांनी त्या आडगावी मुलांना शिकविले. विद्यार्थ्याने शिक्षकाकडे जावयाचे हा क्रम तेथे उलटला, यातच त्या शाळेचे खरे माहात्म्य आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचा अंमल संपल्यावर माध्यमाची अडचण सरली, अंतराची मात्र उरली. १९५८ मध्ये मराठवाड्याचे विद्यापीठ झाले ते औरंगाबादला. बारावीसाठी लातूर, जे १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते, आणि स्पर्धा परीक्षांसाठी पुणे, असा नवा प्रवास सुरू झाला.

या प्रवासाला पर्याय ठरू शकणाऱ्या इंटरनेटची पहिली ओळख अनेकांना एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या वर्गात, म्हणजे नोकरीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या निमित्ताने झाली. ज्ञानाचे साधन म्हणून ते घरात शिरले ते २०१६ नंतर, मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर. जिल्ह्यातील परंडा तालुक्याला लागून असलेल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले, आणि २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. मला त्यात हिप्परग्याचीच परंपरा दिसते, कारण परितेवाडीतही यंत्रामागे गावातच शिकविणारा शिक्षक उभा होता. त्याच वर्षी टाळेबंदीत शाळांचे दरवाजे मिटले, तेव्हा ज्या घरी एकच मोबाइल होता व तोही बापाबरोबर कामावर जाई, किंवा जे कुटुंब हंगामात ऊसतोडीला गेले, तेथील मुलांना या साधनाचा आधार पुरेसा मिळाला नाही.

तरीही या बदलाचे मोल मी मुलींच्या बाजूने मोजतो. गाव सोडण्याचा तो सारा इतिहास बहुतांशी मुलांचा आहे. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे शेत गहाण टाकूनही मुलासाठी उभे राहत, मुलीसाठी क्वचितच, आणि पैसे असले तरी परगावी धाडण्याची घरच्यांची तयारी नसे. उमरग्याची किंवा भूमची मुलगी आज पुण्यातील अध्यापकाचे व्याख्यान घरी बसून ऐकते व राज्यसेवेचा अर्जही तेथूनच भरते. तिच्या आजीच्या पिढीत बार्शीची गाडी दारावरून गेली असती, तरी तीत तिला कोणी बसू दिले नसते.