रहस्यकथेची शिफारस

सामाजिक कादंबरीची शिफारस करणे सोपे असते. कथानक सांगावे, पात्रांची ओळख करून द्यावी आणि निर्णय ऐकणाऱ्यावर सोपवावा. रहस्यकथेस ही वाट मोकळी नाही. ज्या पुराव्याने शिफारस पटावयाची, तोच पुढे केला तर वाचनाची गोडी नाहीशी होते.

ही अडचण फार जुनी आहे. विल्की कॉलिन्स या इंग्रज कादंबरीकाराची ‘द वुमन इन व्हाइट’ १८६० साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने परीक्षकांपुढे हा प्रश्न मांडला. कथानक उघडे करून वाचकाचे कुतूहल मारल्याने हित कोणाचे होते, वाचकाचे की लेखकाचे?

पुढे १९२६ साली अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ प्रसिद्ध झाली आणि लेखिका वाचकाशी सचोटीने वागली की नाही, यावर वाद माजला. डोरोथी सेयर्स या लेखिकेने ख्रिस्तीबाईंची बाजू घेतली. वादाचे कारण सांगावे तर कादंबरीच सांगितल्यासारखे होईल. म्हणून ते सांगत नाही! याच सेयर्सबाई १९३३ ते १९३५ या काळात लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये नव्या रहस्यकथांची परीक्षणे लिहीत. कथानकाच्या रचनेबरोबर त्या भाषेचीही पारख करीत. रहस्य झाकून ठेवूनही बोलण्याजोगे पुष्कळ असते, हे त्यावरून ध्यानी यावे.

परंतु निष्ठेने केलेली शिफारसही कधी व्यर्थ जाते. अमेरिकन टीकाकार एडमंड विल्सन याने ऑक्टोबर १९४४ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात रहस्यकथांवर कठोर टीका केली. त्यावर वाचकांची पत्रे आली : आपण चुकीची पुस्तके वाचलीत, आता ही वाचा. कित्येकांनी सेयर्सबाईंची ‘द नाइन टेलर्स’ सुचविली. तीत चर्चमधील घंटावादनाच्या कलेचे विस्तृत वर्णन आहे. विल्सनला ते इतके नीरस वाटले की तो पानेच्या पाने गाळीत गेला, आणि जानेवारी १९४५ मध्ये त्याने पुन्हा प्रतिकूलच निकाल दिला. सुचविणाऱ्यांना जे वातावरण मोहक वाटले, तेच याला ओझे झाले. पुस्तक कोणते, एवढेच त्यांनी पाहिले. वाचणारा कोण, हे पाहिले नाही.

म्हणून नवी रहस्यकथा कोणास सुचविताना प्रथम त्याची रुची पुसावी. त्यास बुद्धीचे कोडे हवे, की भयाचा थरार, की एखाद्या अपरिचित गावाचे दर्शन? पुस्तकात त्यांपैकी काय आहे, गती संथ की वेगवान, भाषा कशी, हे खुशाल सांगावे. गुन्हेगाराविषयी मात्र सूचक स्मितही करू नये. कोणतेही चांगले पुस्तक दहादा वाचता येते. परंतु रहस्य न जाणता वाचण्याचा आनंद एकदाच लाभतो, आणि तो हिरावून घेतला तर कोणासही परत देता येत नाही.