वीर्यदात्याची गुणसूत्र-तपासणी

वीर्यदान स्वीकारण्यापूर्वी दात्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींवर करायची चाचणी. प्रयोगशाळेतील नाव कॅरिओटायपिंग. पुरुषाच्या 46 गुणसूत्रांची संख्या आणि बांधणी तिच्यात पाहतात.

शुक्राणूंची संख्या व हालचाल उत्तम असलेला, घराण्यात कसलाच आजार नसलेला तरुणही संतुलित स्थानांतरणाचा वाहक असू शकतो. त्याच्या दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलेली असते. हरवलेले काहीच नसल्याने त्याला त्रास नसतो. सुमारे 500 माणसांत असा एक सापडतो. शुक्राणू तयार होताना मात्र वाटणी बिघडू शकते; मग गर्भपात होतो किंवा व्यंग असलेले मूल जन्मते. 14 व 21 क्रमांकाची गुणसूत्रे जोडलेली असली तर मोजणी 45 भरते आणि संततीत डाउन सिंड्रोमचा धोका वाढतो. वीर्यतपासणीच्या अहवालात यातले काही दिसत नाही.

पेशी सुमारे 72 तास वाढवून कोल्चिसिनने विभाजन मध्येच थांबवतात, गिम्सा रंगाने पट्टे उठवतात आणि साधारण 20 पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. काम वेळखाऊ, पण दात्यासाठी एकदाच करायचे.

भारतात दात्यांच्या तपासणीचे नियम मात्र उशिरा आले. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी शास्त्रीय नोंदींसह देशातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे काम. असे उपचार फोफावले, पण त्यांचे नियमन करणारा कायदा यायला 2021 उजाडले. त्याच्या 2022 च्या नियमांनी दात्यासाठी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि सिफिलिस यांच्या तपासण्या नाव घेऊन सांगितल्या. भर संसर्गावर राहिला, आनुवंशिकतेवर तेवढा नाही. ब्रिटनमधील व्यावसायिक मार्गदर्शन दात्याचे कॅरिओटायपिंग सुचवते. अमेरिकी प्रजनन वैद्यक संस्था ते प्रत्येक दात्याला आवश्यक मानत नाही.

चाचणीची मर्यादाही मोठी. एकाच जनुकातला दोष तिला दिसत नाही. पंजाबी व सिंधी कुटुंबांत, तसेच लोहाणा समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. त्यासाठी हिमोग्लोबिन ए-2 चे प्रमाण वेगळे मोजावे लागते. 2025 मध्ये युरोपात एका दात्याच्या शुक्राणूंतून जन्मलेल्या किमान 197 मुलांचे प्रकरण उघड झाले. त्यांतील काहींत कर्करोगाशी निगडित टीपी-53 जनुकाचा दोष आला होता. भारतीय कायद्यानुसार वीर्यपेढीला एका दात्याचे वीर्य एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाही.