एका यंत्रातील अनेक मार्ग : आभासी राउटर व त्यांच्यातील वाहतुकीचा इतिहास

प्रस्तावना

पनवेल–रोहा लोहमार्गावर नागोठण्यानंतर निडी हे लहानसे स्थानक लागते आणि त्यानंतर रोहा. आपटा ते रोहा हा टप्पा १९८६ मध्ये पूर्ण झाला व तो मध्य रेल्वेकडे राहिला. रोह्यापासून दक्षिणेकडील मार्ग १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने उभारला आणि २६ जानेवारी १९९८ पासून तो सलग वाहतुकीस खुला झाला. निडीवरून कोलाडकडे जाणाऱ्या गाडीच्या दृष्टीने रोह्यात काहीच बदलत नाही. रुळांची रुंदी तीच, डबे तेच, प्रवासीही तेच. तथापि महामंडळाच्या स्थापनेपासून रोहा ही दोन प्रशासनांमधील सीमा ठरली. गाडी एका यंत्रणेने दुसरीच्या स्वाधीन करावयाची आणि दुसरीने ती स्वीकारावयाची, ही क्रिया प्रवाशाला दिसत नसली तरी तिच्यावाचून गाडी पुढे सरकत नाही.

संगणक जाळ्यांच्या इतिहासात अशीच सीमा एका पेटीच्या आत निर्माण झाली. एकाच राउटरमध्ये अनेक स्वतंत्र ‘आभासी’ राउटर नांदू लागले. हा इतिहास बहुधा विलगीकरणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः विलगीकरण हा त्यातील सोपा भाग होता. वेगळे केलेल्यांना पुन्हा मोजक्या ठिकाणी जोडणे अधिक कठीण ठरले, कारण तेथे प्रश्न तंत्राइतकाच अधिकाराचाही होता.

एक सारणी अपुरी का पडली

राउटरचे मूळ काम साधे आहे. आलेल्या पॅकेटवरील गंतव्य पत्ता वाचावयाचा, आपल्या मार्गसारणीत तो शोधावयाचा आणि योग्य पोर्टमधून पॅकेट पुढे धाडावयाचे. एक यंत्र, एक सारणी हे समीकरण दीर्घकाळ पुरेसे होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी जाळ्यांसाठी काही पत्ते राखून ठेवले. दहा या अंकाने सुरू होणारा संपूर्ण पट्टा त्यांपैकीच एक होय. हे पत्ते कोणत्याही संस्थेने कोणालाही न विचारता वापरावेत अशी मुभा होती. परिणामी पेणमधील एखादी बँक आणि रोह्यातील एखादा कारखाना यांनी आपापल्या कार्यालयांत नेमके तेच पत्ते वापरणे अगदी स्वाभाविक झाले. दोघेही एकाच दूरसंचार कंपनीचे ग्राहक असतील, तर त्या कंपनीच्या राउटरने १०.१.१.५ हा पत्ता कोणाचा समजावयाचा? एका सारणीत याला उत्तर नव्हते. प्रत्येक ग्राहकासाठी निराळे यंत्र घेणे हा उपाय होता, परंतु तो परवडणारा नव्हता.

मार्च १९९९ मध्ये एरिक रोझेन व याकॉव्ह रेख्टर यांच्या आरएफसी २५४७ ने निराळी वाट दाखविली. सेवादात्याच्या सीमेवरील एकाच राउटरमध्ये अनेक मार्गसारण्या ठेवाव्यात आणि प्रत्येक पोर्ट एखाद्या सारणीशी बांधावे, ही ती कल्पना. पॅकेट कोणत्या पोर्टमधून आत आले यावरून कोणती सारणी उघडावयाची हे ठरते. सेवादात्याच्या जाळ्यातून मार्गांची माहिती पुढे पाठविताना चार बाइटांच्या पत्त्यापूर्वी आठ बाइटांचे भेददर्शक चिन्ह जोडले जाई, त्यामुळे बँकेचा पत्ता आणि कारखान्याचा पत्ता एकमेकांत मिसळत नसत. या दस्तऐवजाची सुधारित आवृत्ती फेब्रुवारी २००६ मध्ये आरएफसी ४३६४ म्हणून आली. फायरवॉलच्या क्षेत्रात नेटस्क्रीन कंपनीच्या यंत्रांत ‘ट्रस्ट’ व ‘अनट्रस्ट’ असे दोन आभासी राउटर मुळातच दिलेले असत. ही कंपनी २००४ मध्ये ज्युनिपरने विकत घेतली. २०१५ च्या अखेरीस लिनक्सच्या ४.३ आवृत्तीत ही सोय आली आणि साध्या संगणकावरही ती वापरता येऊ लागली.

वेगळे केल्यावर जोडणी

विलगीकरण पूर्ण झाले की त्याची गैरसोय दुसऱ्याच दिवशी जाणवू लागते. दोन स्वतंत्र विभागांना एकच मुद्रक हवा असतो, एकच ई-मेल सेवा हवी असते, इंटरनेटकडे जाणारे दार तर एकच असते. मग एका आभासी राउटरमधून दुसऱ्यात पॅकेट न्यावयाचे कसे?

सर्वांत जुनी युक्ती ऐकून हसू येईल. यंत्राच्या एका पोर्टमधून केबल काढून त्याच यंत्राच्या दुसऱ्या पोर्टमध्ये खुपसावयाची. पहिले पोर्ट एका सारणीचे, दुसरे दुसरीचे. एका पेटीतून बाहेर पडून त्याच पेटीत परतणारी ही हातभर तार हास्यास्पद वाटली तरी ती प्रामाणिक होती. जोड कोठे आहे हे डोळ्यांना दिसत असे आणि केबल उपटली की तो तुटत असे. मात्र दोन पोर्ट त्यात अडकून पडत. पुढे ही केबल आज्ञावलीतच कल्पिली गेली. ज्युनिपरच्या यंत्रांतील तार्किक बोगदा किंवा लिनक्समधील जोडीने निर्माण होणारे आभासी इंटरफेस हे त्याच केबलचे अशरीरी रूप होय.

दुसरी पद्धत अधिक थेट होती. एका सारणीत मार्ग लिहिताना ‘पुढचा मुक्काम’ म्हणून यंत्राचा पत्ता न देता दुसऱ्या आभासी राउटरचे नावच द्यावयाचे. नेटस्क्रीनच्या यंत्रांत ट्रस्ट राउटरचा सर्वसाधारण मार्ग अनट्रस्टकडे वळविण्यास एक ओळ पुरे होई. परंतु येथेच नवशिक्याची हमखास चूक होते. जाण्याचा मार्ग लिहिला जातो, येण्याचा राहून जातो. पॅकेट पलीकडे पोहोचते, उत्तर तयार होते. पण त्या बाजूच्या सारणीला मूळ पत्ता ठाऊकच नसल्याने उत्तर टाकून दिले जाते किंवा भलतीकडे जाते. जोडणी एकतर्फी असू शकत नाही. दोन्ही सारण्यांनी एकमेकांना मान्यता द्यावी लागते.

तिसरी पद्धत रोझेन–रेख्टर यांच्या योजनेतच होती. प्रत्येक मार्गावर एक खूण लावली जाते. कोणत्या खुणेचे मार्ग बाहेर द्यावयाचे आणि कोणत्या खुणेचे आत घ्यावयाचे हे प्रत्येक सारणी आपल्यापुरते ठरविते. त्यामुळे बँकेला व कारखान्याला सामाईक सेवा मिते, पण ते परस्परांना दिसत नाहीत. व्यवसायातील मंडळी यास ‘रूट लीकिंग’ म्हणजे मार्गांची गळती म्हणतात. हेतुपुरस्सर केलेल्या कृतीला अपघाताचे नाव मिळावे, ही बाब बोलकी आहे.

अनावधानाने झालेली गळती किती महाग पडते हे निरनिराळ्या संस्थांच्या जाळ्यांमध्ये दिसून आले. २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतील एका लहान सेवादात्याच्या राउटरने इतरांकडून आलेले मार्ग तुकडे करून स्वतःचे म्हणून जाहीर केले आणि इंटरनेटचा मोठा भाग विस्कळीत झाला. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशांतर्गत रोखण्यासाठी तयार केलेला मार्ग बाहेर पडला आणि सुमारे दोन तास जगभरातील वाहतूक तिकडे ओढली गेली. या घटना एका यंत्राच्या आत घडलेल्या नव्हत्या, हा फरक ध्यानात ठेवावयास हवा. पण दोष त्याच जातीचा होता: एका कक्षेपुरता मार्ग दुसऱ्या कक्षेत गेला आणि सीमेवर तो कोणी अडविला नाही.

महाविद्यालयांच्या दारात

२००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाने हा विषय महाविद्यालयांपर्यंत आणला. भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांच्यामार्फत महाविद्यालयांना ५१२ केबीपीएस वेगाच्या व्हीपीएन जोडण्या देण्यात आल्या. खर्चाचा ७५ टक्के भार केंद्राने उचलला, उर्वरित संस्थेने. ग्रंथालयात येणारी तार शेजारच्या घरातील ब्रॉडबँडसारखीच तांब्याची होती. ‘व्हीपीएन’ या अक्षरांचा अर्थ असा की सेवादात्याच्या राउटरमध्ये तिची नोंद वेगळ्या सारणीत होत असे. जोडणी संथ असल्याची तक्रार स्टाफरूममध्ये पुष्कळ झाली. ती कोणत्या सारणीत आहे याची चौकशी क्वचितच झाली असेल.

मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्यास मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्था सर्न प्रयोगशाळेतील सीएमएस प्रयोगाचे द्वितीय स्तराचे संगणन केंद्र चालविते. या प्रयोगांच्या विदेसाठी विविध देशांच्या संशोधन जाळ्यांनी आपापल्या राउटरांमध्ये स्वतंत्र सारण्या राखून त्या परस्परांना जोडल्या. या रचनेस ‘एलएचसीवन’ म्हणतात. तीतून येणारी वाहतूक ओळखीच्या संस्थांचीच असल्याने तिला संस्थेच्या नेहमीच्या फायरवॉलला वळसा घालू देता येतो, हे तिचे मोठे आकर्षण आहे. त्याबदल्यात सहभागी संस्थेने कोणते पत्ते जाहीर करावयाचे हे नेमकेपणाने सांगावयाचे, विद्यार्थ्यांची सर्वसाधारण वाहतूक तीत सोडावयाची नाही आणि ज्या मार्गाने पॅकेट आले त्याच मार्गाने उत्तर धाडावयाचे, अशा अटी असतात. शेवटची अट मोडली गेली, तर उत्तर सामान्य इंटरनेटच्या सारणीतून निघते आणि वाटेतील फायरवॉल, सुरुवात न पाहिलेल्या संभाषणाचे ते उत्तर म्हणून, त्यास अडवून ठेवते.