सॅम्पल रेट ९६ केला की ८ चॅनलचे ४ का होतात?

बँडचं किंवा ड्रम्सचं रेकॉर्डिंग करायचं तर बरेच माईक लागतात. ऑडिओ इंटरफेसचे इनपुट कमी पडले, की अनेक जण ८ माईकचा वेगळा प्रीअँप घेतात आणि ऑप्टिकल केबलने इंटरफेसला जोडतात. मग सेटिंगमध्ये सॅम्पल रेट ४८ वरून ९६ किलोहर्ट्झ केला, की त्या ८ पैकी ४ चॅनल गायब! डिव्हाइस बिघडलेलं नसतं. मर्यादा केबलवरून जाणाऱ्या डेटाची असते.

सॅम्पल रेट म्हणजे काय?

माईककडून येणाऱ्या सिग्नलचं कन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा माप घेतो आणि ते आकड्यांत साठवतो. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० मापं. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतची फ्रिक्वेन्सी रेकॉर्ड होऊ शकते, म्हणजे इथे २४ किलोहर्ट्झपर्यंत. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं.

चॅनल जातात कुठे?

या ऑप्टिकल जोडणीला एडॅट म्हणतात. अलेसिस कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेल्या ८ ट्रॅकच्या डिजिटल टेप रेकॉर्डरवरून हे नाव पडलं. तिची क्षमता ४८ किलोहर्ट्झच्या हिशोबाने ठरली: ८ चॅनल × २४ बिट × ४८,००० म्हणजे सेकंदाला सुमारे ९२ लाख बिट.

रेट दुप्पट केला तरी ही क्षमता तेवढीच राहते. म्हणून एस-मक्स नावाची पद्धत वापरतात. तिच्यात एका चॅनलची मापं दोन चॅनलच्या जागेत वाटून पाठवली जातात. आठ सीटच्या गाडीत प्रत्येकाने दोन सीट अडवल्या तर चारच जण बसणार, तसंच हे.

एका ऑप्टिकल केबलवर:

• ४४.१ / ४८ किलोहर्ट्झ: ८ चॅनल
• ८८.२ / ९६ किलोहर्ट्झ: ४ चॅनल
• १७६.४ / १९२ किलोहर्ट्झ: २ चॅनल

मग कोणता रेट ठेवायचा?

गाणी, पॉडकास्ट आणि व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरेसं आहे. व्हिडिओच्या कामात ४८ हाच रूढ रेट आहे. जागाही वाचते. ८ ट्रॅकचं तासाभराचं रेकॉर्डिंग ४८ वर सुमारे ४.१ जीबी होतं, तर ९६ वर ८.३ जीबी.

९६ चा खरा उपयोग आवाज खूप स्लो करून साऊंड इफेक्ट बनवताना होतो. तेव्हा कानाला न ऐकू येणारी फ्रिक्वेन्सीही खाली येऊन ऐकू येते. अर्थात, माईकने ती पकडलेली असली पाहिजे.

खरेदीआधी हे तपासा

• ९६ वर ८ चॅनल हवेच असतील, तर प्रीअँप आणि इंटरफेस दोन्हींवर त्यासाठी दोन-दोन ऑप्टिकल पोर्ट आहेत का?
• दोन्ही डिव्हाइस एस-मक्स सपोर्ट करतात का?
• जोडल्यावर दोन्हींचा सॅम्पल रेट एकच ठेवा. क्लॉक एकाचंच चालू द्या, दुसऱ्याला ते फॉलो करू द्या. नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक येते.

बॉक्सवर ‘८ चॅनल’ आणि ‘१९२ किलोहर्ट्झ’ असं दोन्ही लिहिलेलं असतं. दोन्ही खरं असतं, पण एका केबलवर एकाच वेळी नाही. म्हणून पैसे देण्याआधी मॅन्युअलमध्ये प्रत्येक रेटला किती चॅनल मिळतात, तो तक्ता नक्की बघा.