यकृत नीला उपचार, प्रतिमामार्गदर्शित

यकृतातील रक्त अधोमहानीलेकडे नेणाऱ्या यकृत नीला आणि आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी प्रवेशिका नीला यांवर, प्रतिमेच्या आधारे सुई व नळी घालून केलेले उपचार. यकृत नीलांचा मार्ग बंद पडला म्हणजे यकृत सुजते व जलोदर होतो. या विकाराचे वर्णन जॉर्ज बड (१८४५) व हान्स कियारी (१८९९) यांनी केले. मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेच्या २००१ मधील अभ्यासात पश्चिम भारतातील अशा रुग्णांत रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष आढळले.

प्रवेशिका नीलेतील रक्ताला यकृत टाळून वाट देण्याचा प्रयोग निकोलाय एक यांनी १८७७ मध्ये कुत्र्यांवर केला. त्यासाठी पोट उघडावे लागे. योझेफ रॉश यांनी १९६९ मध्ये मानेतील नीलेतून सुई नेऊन यकृताच्या आतच ही वाट पाडून दाखविली, तीही कुत्र्यांवर. तथापि ती टिकत नसे. फ्रायबुर्ख येथे १९८८ मध्ये तीत धातूची जाळीदार नळी बसविल्यावर उपचार रूढ झाला. खरी अडचण मात्र सुईच्या दिशेची होती. साध्या क्ष-किरण चित्रात प्रवेशिका नीला दिसत नाही, म्हणून सुई अंदाजाने टोचावी लागे. ती यकृताच्या आवरणाबाहेर गेल्यास पोटात रक्तस्राव होतो.

श्राव्यातीत तरंगांनी नीला प्रत्यक्ष दिसते, आणि डॉप्लर परिणामामुळे रक्तप्रवाहाची दिशाही कळते. शोधनीवर स्थानदर्शक बसविला, तर संगणक एकेक छेद जुळवून नीलांची त्रिमितीय आकृती रचतो, सुईचा कोन व अंतर मोजतो आणि सीटी चित्र तिच्यावर बसवितो. श्वासाबरोबर यकृत सरकते, हा या जुळणीतील मोठा दोष होय. यकृत नीला पूर्ण बुजल्या असतील, तर अधोमहानीलेतूनच थेट सुई घालावी लागते. तेथे प्रतिमेवाचून गत्यंतर नाही.

हावडा–नागपूर लोहमार्गावरील वरठी (भंडारा रोड स्थानक) येथील रुग्णाची पहिली तपासणी जवळपास झाली, तरी पुढील उपचारासाठी नागपूरसारखे शहर गाठावे लागते. सोबत आणलेल्या स्थिर चित्रावर शोधनीचे स्थान नोंदलेले नसते. त्यामुळे नियोजनासाठी तपासणी पुन्हा करावी लागते. यंत्र रुग्णाकडे नेणेही सोपे नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला व १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. त्यानुसार यंत्राची नोंदणी आवश्यक असून ते नोंदलेल्या जागेबाहेर वापरण्यावर कडक निर्बंध आहेत. हे निर्बंध योग्यच होत, परंतु यकृत पाहणारे यंत्र व गर्भ पाहणारे यंत्र एकच असल्याने त्यांचा भार यकृताच्या रुग्णावरही पडतो.