हरळी : काढण्याची आणि लावण्याची

वाशीमसारख्या गावात कचेरीपुढे, शाळेपुढे किंवा एखाद्या बागेत हिरवळीचा एक तुकडा असतो. काही वर्षांनी तो जुना होतो. मधे मधे टक्कल पडते, लव्हाळा घुसतो, कडेने गाजरगवत येते. मग कुणीतरी ठरवते, की हे सगळे काढून नवे गवत लावू. जून लागतो, पहिला पाऊस पडतो, ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून जमीन भुसभुशीत करून घेतात आणि विकत आणलेल्या गवताचे ठोंब लावतात. गणपतीपर्यंत सगळे हिरवेगार. दिवाळीला पाहावे, तर नव्या बारीक पात्यांमधून जुनेच राठ गवत वर आलेले असते. खर्च गेला, पाणी गेले, आणि आता दोन्ही गवते एकमेकांत अशी गुंतलेली, की हाताने निवडणेही शक्य नाही.

असे का होते, याचे उत्तर बागकामाच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा वऱ्हाडच्या शेतात शोधावे. जमिनीतले जुने गवत हटवून तिथे नवे काही लावायचे, हा उद्योग तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. फरक इतकाच, की शेतात ज्याला शत्रू मानतात, तेच गवत हिरवळीवर पाहुणे म्हणून येते. ते गवत म्हणजे हरळी. पूजेत तिला आपण दूर्वा म्हणतो. लिनियसने १७५३ साली तिची नोंद केली आणि १८०५ साली पेर्सूनने तिला आजचे शास्त्रीय नाव दिले : सायनोडॉन डॅक्टिलॉन. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात, डॅक्टिलॉन म्हणजे बोट. जमिनीखालच्या खोडावर कुत्र्याच्या सुळ्यासारखे टोकदार, पांढरे कोंब असतात आणि फुलोरा पंजाच्या बोटांसारखा पसरतो, हे एकदा पाहिले की नाव विसरत नाही.

हरळीला दोन प्रकारची पसरणारी खोडे असतात. एक जमिनीवरून धावते, दुसरे जमिनीखालून. दोन्हींवर उसाच्या कांडीसारखी पेरे असतात आणि पेरापाशी डोळा. शेतकरी उसाचे बेणे तोडतो तेव्हा एका डोळ्याच्या तुकड्यातूनही ऊस उगवेल हे त्याला ठाऊक असते. हरळीचेही तसेच आहे. जमिनीखालची बहुतेक कांडी वीतभर खोलीत असतात, पण काळ्या जमिनीत काही त्याहून बरीच खाली जातात. वरचे पाते कापले, खुरपले, जाळले, तरी खाली साठवलेल्या अन्नावर डोळे पुन्हा फुटतात. विळ्याने हरळी संपत नाही, याचे कारण हे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. पुढे वाशीमचा स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजी कागदांत तो ‘बासिम’ असा लिहिलेला सापडतो. १९०५ साली तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी भाव आला. रेल्वे आली. पडीक आणि गवताळ रानांवर कापूस पेरला जाऊ लागला. म्हणजे मोठ्या प्रमाणावर जुने गवत काढून जमीन तयार करण्याचे काम सुरू झाले.

हे काम कोणत्या अवजाराने होत होते? वाचकाला वाटेल, नांगराने. पण वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे मुख्य अवजार होते ते वखर. लाकडी खोड, त्याखाली आडवी लोखंडी पास, आणि एक बैलजोडी. पास दोन-तीन इंच खालून जमीन कापत जाते. एकदल, द्विदल, बीज रुजून आलेले कोणतेही तण त्याने मुळासकट निघते. उन्हाळ्यात वखराच्या पाळ्या द्यायच्या, पावसाळ्यात पिकाच्या ओळींतून डवरा फिरवायचा, बस. नांगर दर वर्षी लागत नसे. शेतात हरळी किंवा कुंदा माजला, की मगच नांगर बाहेर निघे. कुंदा हे हरळीहूनही चिवट गवत. त्याची मुळे आणि खोडे काळ्या मातीत हातभर आणि त्याहून खोल उतरतात. त्यासाठी जड लाकडी नांगराला एकाहून अधिक बैलजोड्या जुंपाव्या लागत, किंवा मग माणसे लावून कुदळीने खणावे लागे. ज्याच्याकडे एकच जोडी, त्याने सावड करावी किंवा शेत गवताला सोडून द्यावे.

नांगरट केव्हा करायची, हे मात्र ठरलेले होते. पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. तिला भेगा पडतात हे मुलांनाही माहीत असते. सुकत चाललेली अशी जमीन नांगरली, की डोक्याएवढी ढेकळे उलटून पडतात. त्या ढेकळांत हरळीची कांडी अडकलेली असतात. एप्रिल-मे महिन्यांत वाशीमला पारा ४० अंशांच्या वर जातो, हवा कोरडी असते. ढेकूळ आतपर्यंत तापते, आतली कांडी ठिसूळ होतात आणि डोळे मरतात. जमीन ‘तापू द्यायची’ असे शेतकरी म्हणतो. ढेकळे लगेच फोडायची नाहीत, हाही त्याच शहाणपणाचा भाग. फोडली की बारीक माती कांड्यांवर पांघरूण घालते.

लाकडी नांगराची मर्यादा अशी, की तो जमीन चिरतो, पालथी करत नाही. खालचे कांडे वर उन्हात यायला हवे तर माती उलटवणारा वाकडा पत्रा लागतो. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा समजूत होती, आणि पहिले नांगर दोन वर्षे विकलेच गेले नाहीत. ही गोष्ट उद्योगाच्या इतिहासात नेहमी सांगतात. गवताच्या इतिहासात ती सांगत नाहीत. पण खोल मुळांच्या गवतापुरते बोलायचे तर मातीचा थर उलटून पडणे हाच त्या नांगराचा खरा गुण होता.

बैलांच्या ताकदीपलीकडचे गवतही होते. कांस. मध्य भारतात लाखो एकर जमीन या गवताने खाल्ली होती. १९४७ साली केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. सुरुवातीचे ट्रॅक्टर अमेरिकन सैन्याने युद्धानंतर मागे ठेवलेल्या सामानातले होते. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. भारताला मिळालेले हे बँकेचे दुसरेच कर्ज. पहिले रेल्वेसाठी होते आणि दुसरे मुख्यतः एका गवतावर मात करण्यासाठी! त्यातून साखळीपट्ट्यांचे अवजड ट्रॅक्टर आले. वाशीम तेव्हा, म्हणजे १९५६ पर्यंत, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते आणि कांसाचा मोठा पट्टा त्याच राज्याच्या उत्तर भागात होता. यंत्र कितीही मोठे असले, तरी कामाचा हंगाम वखरवाल्या शेतकऱ्याचाच राहिला : पाऊस संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंतचा कोरडा काळ.

आता दुसऱ्या बाजूला, हिरवळीकडे येऊ. कापलेल्या गवताची हिरवळ ही इंग्रजांबरोबर इथे आली. त्यांच्याकडेही ती आधी श्रीमंतांचीच होती, कारण ती विळ्याने कापावी लागे. १८३० साली एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि मग ती मध्यमवर्गाच्या अंगणात पोहोचली. इंग्लंडमधली गवते थंड हवेची. आपल्या उन्हाळ्यात ती टिकत नाहीत. त्यामुळे बंगल्यांपुढे आणि क्लबांपुढे हिरवळ करायची तर हरळीच लावावी लागली. १९६६ साली हॅच आणि स्लॅक यांनी प्रकाशसंश्लेषणाचा जो वेगळा मार्ग उलगडला, त्या मार्गाची ही वनस्पती आहे. ऊस, ज्वारी, मकाही त्याच गटातले. कडक उन्हात आणि कमी पाण्यात ही मंडळी वाढत राहतात.

हरळीची हिरवळ लावण्याची इथली जुनी पद्धत गमतीची आहे. हरळी उपटून आणायची, तिचे दोन-दोन इंचांचे तुकडे करायचे, ते माती आणि शेणात पाणी घालून कालवायचे आणि तो काला ओल्या जमिनीवर लिंपायचा. थोड्याच दिवसांत पेरापेरांतून कोंब येतात. आता सुरुवातीचा रोटाव्हेटर आठवा. त्याच्या फिरत्या पात्यांनी जुन्या हरळीचे तुकडे केले, ते मातीत कालवले आणि वर जूनचा पाऊस पडला. गवत काढण्यासाठी जे केले, ती तर लागवडच झाली! तुकडे करणे ही क्रिया दोन्हीकडे एकच. कोरड्या उन्हाळ्यात ती मारते, ओल्या जूनमध्ये पेरते.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातही अशीच उलथापालथ झाली. तो प्रदेशही कापसाचा, आणि हरळी तिथे बर्म्युडा गवत या नावाने कापूसवाल्यांची जुनी वैरीण. टिफ्टन या गावी १९२९ साली एका जुन्या कापसाच्या तुकड्यात तिचा एक जोमदार नमुना सापडला. १९३६ साली ग्लेन बर्टन हा तरुण शास्त्रज्ञ तिथल्या संशोधन केंद्रात आला. त्याने या नमुन्याचा दक्षिण आफ्रिकेतल्या हरळीशी संकर केला आणि १९४३ साली ‘कोस्टल’ हे चाऱ्याचे वाण बाहेर पडले. ज्या गवताने शेतकऱ्यांना छळले, ते मुद्दाम लावा असे त्यांना सांगणे हे केवढे अवघड काम असेल! पुढे खेळाच्या मैदानांसाठी त्याने हरळीचा संकर आफ्रिकेतल्या एका बारीक पात्याच्या बहिणीशी केला. १९६० सालचे ‘टिफवे’ हे वाणही अशाच संकरातले. हरळीत गुणसूत्रांचे चार संच, बहिणीत दोन, संकरात तीन. तीन संच नीट वाटले जात नाहीत, म्हणून या वाणाला रुजणारे बी धरत नाही. ते कांड्यांपासूनच वाढवावे लागते, आणि म्हणून एका रोपापासून झालेले सगळे मैदान एकसारखे दिसते.

पण त्यातच मेख आहे. असे नवे गवत लावताना खाली जुन्या हरळीचे डोळे जिवंत राहिले, तर दोघी जवळच्या नातलग असल्यामुळे एकीला मारून दुसरीला वाचवणारे सोयीचे औषध नाही. निवड लावण्याआधीच करावी लागते.

त्यासाठी अलीकडे दोन आणखी साधने आली. १९७६ साली इस्रायलमध्ये याकोव काटान आणि सहकाऱ्यांनी ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून ती उन्हाने तापवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातले बरेच तणबीज आणि रोगकारक बुरशी मरतात. खोल गेलेली कांडी आणि लव्हाळ्याचे कंद मात्र यातून निभावतात. दुसरे साधन ग्लायफोसेट. मोन्सँटो कंपनीतल्या जॉन फ्रांझने त्याचा तणनाशक गुण १९७० साली ओळखला, १९७४ मध्ये ते बाजारात आले. ते हिरव्या पानांतून शिरते, साखरेच्या प्रवाहाबरोबर खालच्या कांड्यांपर्यंत जाते आणि वनस्पतीला लागणारी काही अमिनो आम्ले तयार होऊ देत नाही. म्हणजे त्याला गवत हिरवे आणि वाढते हवे. उन्हाळ्यात सुकलेल्या हिरवळीवर ते मारणे म्हणजे पैसे मातीत घालणे. ऊन कोरड्या गवतावर काम करते, हे औषध ओल्या गवतावर. दोघांचे हंगाम उलटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली त्याला माणसात कर्करोग होण्यास बहुधा कारणीभूत अशा गटात टाकले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. मुले ज्या जागेवर बसतात, लोळतात, तिथे ते वापरूच नये असे मला वाटते. आपल्याकडे उन्हाची टंचाई नाही.

वाशीमच्या शाळेपुढची हिरवळ बदलायची असेल, तर काम मार्च-एप्रिलमध्ये सुरू करावे. आधी पाणी तोडावे. आठ-पंधरा दिवसांनी वीतभर खोल खणून ढेकळे उलटी टाकावीत आणि तशीच राहू द्यावीत. मेमध्ये एकदा ती पुन्हा पालथी करून दिसतील ती कांडी वेचावीत. ती उकिरड्यावर टाकू नयेत. तिथे ओल मिळाली की ती जगतात. पाऊस पडला की ढेकळे आपोआप विरघळतील. तेव्हाही लगेच लावू नये. तीन आठवडे थांबावे, जे उगवेल ते खालच्या कांड्यासकट काढावे, आणि मगच नवे गवत आणावे. नर्सरीतून येणाऱ्या गादीसारख्या पट्ट्यांत लव्हाळा लपलेला नाही ना, तेही उलटवून पाहावे.

वर्गात याचा प्रयोग सोपा आहे. हरळीची जमिनीखालची कांडी खणून काढा आणि एकेका डोळ्याचे तीस तुकडे करा. दहा लगेच ओल्या मातीत दोन इंच खाली लावा. दहा सावलीत, ओल्या फडक्यात आठवडाभर ठेवून लावा. उरलेले दहा आठवडाभर पत्र्यावर, उन्हात ठेवा आणि मग तसेच लावा. तिन्ही कुंड्यांना सारखे पाणी घाला आणि रोज किती कोंब आले ते मुलांना मोजू द्या. मेमध्ये शाळेला सुटी असते ही अडचण खरी, पण वाशीमचे मार्चमधले ऊनही या कामाला पुरते.